साबणाच्या डबीतलं ओलं फडकं

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा गेला आणि त्याच्यासोबत भुतंही गेली, असं आमचे वडील म्हणायचे. पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण डोक्यातून जात नाही, काय करू?

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. माझा थोरला भाऊ, मिलिंददादा, नव्या ऑफिसात नकाशे काढायला लागला होता. मी कॉलेजात. डाळमिलच्या मागे आम्हा दोघांची एक खोली. दादा क्लासिकल गिटार वाजवायचा — सिनेमातली नव्हे, नायलॉनच्या तारांची. नांदेडला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे तो आणि त्याचा दोस्त विनायक शिकले. मास्तर गेले, त्यांची गिटार दादाकडे आली. मग हा पठ्ठ्या स्वतःच रचना लिहायला लागला, ड्रॉइंग पेपरवर पाच-पाच रेघा ओढून. एकूण सात झाल्या. पहिली 'उमरी स्टेशन'. उमरी आमचं गाव, वडील तिथं रेल्वेत गँगमन, म्हणून तिच्यात रुळावरच्या हातोडीचे ठोके. 'शिरूर अनंतपाळची एसटी' ऐकून मला हसू यायचं, गाडी मध्येच बंद पडायची. सातवी 'टँकर'. ती मला बसू द्यायची नाही. सगळी रचना कशाची तरी वाट बघायची आणि ते येतच नसे.

दुष्काळ होता. टँकर चार-चार दिवस यायचा नाही. आणि दादा त्यातलं पाणी गिटारला द्यायचा! कोरड्या हवेत लाकूड तडकतं, म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओलं फडकं घालायचं आणि ती डबी गिटारच्या पेटीत ठेवायची. रोज सकाळी, न चुकता.

"माणसाला प्यायला न्हाई अन् तू लाकडाला पाजून राहिलास?" मी भांडायचे.

"माझ्यातलं देतो, बेबी. तुझ्या वाट्याचं न्हाई."

त्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाला, "विनायक टेपरेकॉर्डर घेऊन येणार हाय. सातीच्या साती वाजवून भरून ठेवू म्हणला. तवर फडकं सुकू देऊ नको." तशी दुसरी गिटार आमच्या माहितीत लातुरात नव्हती, विनायककडेही नव्हती. ती तडकली की दादाचं सगळं कागदावरच राहणार. मी 'हाव' म्हणून मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दादा गेला. त्याला उमरीला नेलं. खोलीला कुलूप मीच लावलं, किल्ली माझ्याच पर्समध्ये. पुण्यानुमोदनाला, म्हणजे दादाच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, भन्ते बोलत होते आणि मला एकदम आठवलं — डबी कोरडीच आहे. दवाखान्याच्या धावपळीत मी फडकं भिजवलंच नव्हतं. मी उठले, बसले, परत उठले.

"बस की गप," आत्या म्हणाली.

"मला लातूरला जायचंय."

"येड लागलं का? आईला अशी टाकून?"

आईला सोडून निघता आलं नाही. अठरा दिवस गेले. भावासाठी रडायचं सोडून मी एका पेटीची काळजी करतेय, याची लाजही वाटायची.

एसटीतून लातूरला उतरले तेव्हा भर दुपार होती. कुलूप तसंच. घरमालकीण काकू ओट्यावर डाळ निवडत होत्या.

"कधी आलीस माय?"

"ही काय, आत्ताच."

"मंग रोज दुपारी तार कोन वाजवून राहिलं? एकच जाडी तार... मला वाटलं तूच आलीस."

मी कुलूप काढून आत गेले. माठ कोरडा ठणठणीत, घागरी मी पालथ्या घातल्या होत्या तशाच. पेटीवर धुळीचा थर, त्यावर एका बोटाचाही ठसा नाही. पेटी उघडली. गिटारला साधा तडाही नव्हता. डबीतलं फडकं हातात घेतलं... ओलं होतं. नुसतं दमट नाही, पिळलं तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मी तिथंच खाली बसले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मनसोक्त रडले.

दोन दिवसांनी विनायक आला. तारा सुरात लावायला घेतल्या आणि थांबला. सगळ्यात जाड तार एक सूर उतरवलेली होती. तशी ती फक्त 'टँकर'ला लागते, म्हणाला. आता ते दादानंच आजारी पडायच्या आधी करून ठेवलं असेल, असं म्हणता येईल. मीही तसंच म्हणते. पण फडक्याचं काय? विनायकनं साती रचना वाजवल्या. ती टेप माझ्याकडे आहे.

नंतर वर्गात बाष्पीभवन शिकवताना दरवर्षी माझी जीभ अडखळायची.

गिटार अजून माझ्या कपाटावर आहे. फडकं मी रोज सकाळी भिजवते, परगावी जाताना पेटी सोबत नेते. लोक हसतात. आमचे हे म्हणतात, "एकदा कोरडं ठेवून बघ की, तूच ना सायन्सवाली?" बरोबर आहे त्यांचं. खरा प्रयोग तोच. पण माझ्याच्यानं होत नाही. या वेळी ते कोरडंच निघालं, तर दादा खरंच गेला असं होईल.