दोन चमचे पाणी

बाळांनो, साऱ्या सावेडीत श्वास घेण्याचं काम मनापासून करणारा एकच माणूस होता. आमचे शेजारी, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर. बाकी आम्ही नुसते जगत होतो. मास्तर घरी आले की नमस्काराआधी आमच्या खिडक्या उघडत. “वहिनी, तीच ती हवा किती वेळा वापरणार?” जेवायला बसवलं तर कोशिंबिरीकडे दुःखाने बघत. “मीठ आधी घातलंत. सगळं पाणी काढून घेतलंत बिचाऱ्या काकडीचं.” त्यांच्या मते जगातला प्रत्येक जीव काहीतरी आत घेतो आणि काहीतरी बाहेर सोडतो. आमच्या सोसायटीचं मंडळ तेवढं नुसतं घेतं.

नव्वदच्या दशकातल्या एका कोरड्या उन्हाळ्यात याच मंडळाने स्कूटरींना जागा हवी म्हणून फाटकाजवळचा कडुलिंब तोडायचं काढलं. तो मास्तरांनी स्वतः लावलेला. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी एका फांदीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि तिच्यात जमलेलं दोन चमचे पाणी संध्याकाळी वाटीतून सभेत आणलं.

“हे पानांनी सोडलेलं पाणी. झाड दिवसभर असं हवेत पाणी सोडतं, म्हणून त्याच्याखाली गार वाटतं.”

अध्यक्षांचा श्रीगोंद्याला ऊस होता. त्यांनी वाटी निरखली. “म्हंजी आपल्या बोअरचं पानी पिऊन हे झाड हवेत उडवतंय? आदी सांगायचं की वो मास्तर! तोडा!”

बोअर आटत आला होता. सगळे हात वर गेले.

“आणि तुमचा ऊस काय हवा खातो?” मास्तर कडाडले.

“ऊस कारखान्याला जातो. लिंब कुटं जातो?”

आयुष्यात प्रथमच मास्तरांचा श्वास अडकला. मग हळूच म्हणाले, “त्याला पाणी मी देईन. माझ्या अंघोळीचं.”

“बगू. ज्या दिवशी चुकाल, त्या दिवशी कुऱ्हाड.”

दुसऱ्या दिवसापासून, थेंब वाया जायला नको म्हणून, मास्तर झाडाखालीच अंघोळ करू लागले. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, मुळांना बाधू नये म्हणून साबण वर्ज्य, थंडीत डोक्याला कानटोपी. समोरच्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. जन्मभर लोकांच्या खिडक्या उघडणाऱ्या माणसामुळे चार खिडक्या कायमच्या बंद झाल्या. पण ते एक दिवस चुकले नाहीत.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अध्यक्ष आपली स्कूटर त्याच लिंबाच्या सावलीत लावतात. कुऱ्हाडीची अट कुणाच्या लक्षातही नाही. माझ्या आहे. अंघोळीचं पाणी मी घमेल्यात साठवते आणि रोज सकाळी बादलीने लिंबाला नेऊन घालते. अर्धीच बादली. भरलेली आता उचलवत नाही.