संदीपचं निर्धाव षटक

आमच्या गावच्या क्रिकेट स्पर्धेत कुणी षटकार मारला की माइकवाला लगेच बक्षीस पुकारतो. काल संदीपने अख्खं षटक टाकलं आणि एकही धाव दिली नाही. तेवढ्या वेळात माइकवाल्याने मंडपवाल्याचे आभार मानले आणि रस्त्यात उभी मोटारसायकल काढायला सांगितली. माझं डोकंच फिरलं.

मी गावचा वायरमन. वीज गेली की सगळे माझ्या दारात येतात. दिवे नीट लागले तर ते आपले आपणच लागलेले असतात.

शेवटी मीच माइकपाशी गेलो. म्हटलं, “संदीपला माझ्याकडून बक्षीस पुकार.”

“कशाबद्दल पुकारू, दादा? त्या षटकात काही झालंच नाही,” तो म्हणाला, आणि माझ्याच तारेवर चाललेल्या माइकमधून ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.