मिरचीच्या डब्यातला कोळी

समोरच्या शिलाईवाल्या काकूंनी मला सांभाळलं, हे आधी लिहिते. बाकीचं मागून.

सातवीत शाळा सुटली आणि साताऱ्याकडून मी इथे विदर्भात, मलकापुरात एका घरी स्वयंपाकाला आले. राहायला गच्चीवरची खोली. तिथे तेलाच्या डब्यांत मिरची लावली होती, तेवढंच काय ते माझं. एका सकाळी मालकीणबाईंच्या कमरेवर पाण्याचे फोड उठले, नुसती आग आग. त्याच दिवशी त्यांना माझ्या मिरचीवर कोळी दिसला. झालं!

"कोळी मुतला मले! गच्चीवरचे कपडे हिनंच आणले ना खाली?"

मी गेरू उगाळून फोडांना लावत होते आणि त्या मलाच बोलत होत्या. दुपारी सांगितलं, खोली रिकामी कर. दुसरीकडे कुणाची ओळख नव्हती. रडत काकूंकडे गेले.

काकू दुखरे गुडघे घेऊन गच्चीवर चढल्या. कोळी जाळ्याच्या मधोमध उलटा बसलेला. पिवळे-काळे पट्टे, पाय जोडीजोडीनं पसरलेले, जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी.

"काऊन बे, ही झिगझॅग कोणाच्या मशीनवर शिकला?" काकूंनी त्यालाच विचारलं.

त्यांची भाची शेतीचं शिकते. तिला फोटो पाठवला. उत्तर आलं: हा सही करणारा कोळी, जाळ्यातली नक्षी हीच त्याची सही. माश्या, टोळ खातो, माणसाला त्रास नाही.

काकू खाली जाऊन बाईंना म्हणाल्या, "कोळ्यानं फोड येत असते तं मी कवाचीच मेली असती, माह्या दुकानात जाळेच जाळे हायेत. डॉक्टरले दाखवा."

डॉक्टर म्हणाले, ही नागीण. आतूनच उठते, कोळ्याचा काही संबंध नाही. मला वाटलं, सुटले. बाईंनी गोळी गिळली आणि म्हणाल्या, "कोळी नसन. पण तुहा पायगुण तं हाये ना!"

पायगुणाचा फोटो कुणाला पाठवायचा? कोळी झाडूनं मारला, डबे नालीत गेले, मी पिशवी घेऊन रस्त्यावर.

"मशीनच्या बाजूले गादी टाक," काकू म्हणाल्या, "आन् रडू नको, गिऱ्हाइकाचं कापड भिजते."

आता मी काजं-बटणं करते. काकूंना साधी शिंक आली तरी मी आधी माझी पिशवी शोधते, आता आपल्यालाच जबाबदार धरतील. त्यांनी अजून कधी धरलं नाही. एक दिवस माझं घर होईल, बिनपायरीचं. काकूंना हाताला धरून तिथे नेईन आणि जा म्हणून कधीच म्हणणार नाही.