उपरण्यासकट विणलेला नवरा

प्रदर्शनातला स्टॉल लोकांच्या लक्षात राहतो तो आकड्यांमुळे, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं.

आमचं पवनीला हातमागाचं काम आहे. माग बायको चालवते, हिशेब मी बघतो (म्हणजे पंख्याखाली बसतो). घाऊक ऑर्डर मिळाली नाही, तर दोन मागांपैकी एक बंद पडणार होता. म्हणून गेल्या वर्षी भंडाऱ्याच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला, तिथे माग मांडला आणि इंचाला धागे किती, साडीला रेशमाचे कोसे, म्हणजे कोष, किती, सगळं मी भल्यामोठ्या फळ्यावर लिहिलं. लोक यायचे, फळा बघायचे आणि समोरच्या भज्यांकडे वळायचे!

सुनंदा, म्हणजे बायको, चहाला गेली आणि नेमके नागपूरचे एक व्यापारी आले. मीच मागावर बसलो. (याआधी बसलो होतो लग्नापूर्वी.) उद्घाटनात मिळालेलं उपरणं मी कुठे हरवू नये म्हणून सुनंदानं ते माझ्या गळ्याशी गाठ मारून बांधलं होतं. व्यापाऱ्यांकडे बघत, आकडे सांगत मी आडवा धागा नेणारा धोटा फेकत होतो. उपरण्याचं टोक धाग्यांत उतरलं, धोटा त्यावरून गेला, मी फणी ठोकून ते घट्ट बसवलं. विणलेलं कापड रुळावर गुंडाळलं, तशी मान जरा खाली आली. अजून गुंडाळलं. नाक कापडाला टेकलं तेव्हा कुठे कळलं, मी साडीत आहे!

गळ्याची गाठ ताणानं आवळली होती, सुटेना. कोणीतरी कात्री काढली, तोवर सुनंदा आली.

"मागावरचं कापड आम्ही अर्ध्यात नाही कापत जी," ती त्याला म्हणाली.

"मग उपरणं काप!" मी साडीतून म्हणालो.

"थांबा न जी, घाई कायले करता? लोक जमून राहिले."

खरंच जमले, भज्यांच्या प्लेटा घेऊन! ती एकेक धागा उकलत होती, प्रत्येक धागा लोकांच्या हातात देऊन कोसा समजावत होती. व्यापाऱ्यांनी उपरणं ओढून पाहिलं. माझी मान आली, कापडाचा धागा तुटला नाही.

"माल पक्का आहे," ते म्हणाले आणि दोन्ही मागांना पुरेल एवढी ऑर्डर दिली.

यंदाच्या प्रदर्शनाआधी त्यांचा फोन आला. फळ्यावरचा एकही आकडा त्यांना आठवत नव्हता. "स्टॉल मात्र लक्षात आहे. यंदा तुम्ही कधी अडकणार?"

मी हिशेबी माणूस. सांगितलं, "सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. रविवारी जादा खेळ."