मामांचा पहिला पेशंट

माणसांचे डॉक्टर पुष्कळ असतात, गुरांचेही असतात. पण निवडुंगाचं दुखणं ओळखणारा मनुष्य साऱ्या जगात एकच आहे आणि तो धारूरला राहतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नात्याने ते माझ्या बायकोचे मामा. त्यांची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात गेली. तिथल्याच उकिरड्यावर कुणीतरी कुजका म्हणून फेकलेला एक निवडुंग त्यांनी उचलून आणला, कापून-सुकवून जगवला, आणि तेव्हापासून त्यांच्या खिशात भिंग, कापूस, स्पिरिटची बाटली आणि जुना टूथब्रश कायमचे राहायला आले. माजलगावला त्यांच्या दुसऱ्या एका भाचीसाठी मुलगा बघायला गेलो, तर मामा मुलाकडे पाठ करून खिडकीतल्या कुंडीवर वाकलेले. सगळे त्यांच्या मताची वाट बघतायत आणि मामा म्हणाले, "पिठ्या ढेकूण हाय. आदी हिला दुसऱ्या कुंड्यांपसनं लांब ठिवा." मग चहा निवेपर्यंत कापसाच्या बोळ्याने एकेक पांढरा ठिपका पुसत बसले. लग्न जमलं. मुलाचे वडील अजून फोनवर आधी कुंडीची खुशाली सांगतात, मग सुनेची.

मामांचं खरं वैर मात्र किडीशी नाही, पाण्याच्या तांब्याशी आहे. आमच्याकडे लोकांनी टँकरमागे पळून उन्हाळे काढलेले; नळाला पाणी आलं की घरातला कुणीही जीव तहानलेला राहता कामा नये, हा रिवाज. त्यात निवडुंगही आला. मग तो बुडातून कुजतो आणि लोक त्याला मामांकडे घेऊन येतात. "ह्याला रोज पाणी कावून घातलं?" मामा कडाडतात. "कोरडा हाय तवर जित्ता हाय!" एवढं बोलून पुन्हा तितक्याच मायेने चाकू स्पिरिटने पुसायला घेतात. घरात त्यांच्या त्या पहिल्या पेशंटला मात्र हात लावायची मामींनाही परवानगी नव्हती.

गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा त्याच निवडुंगाचं बूड तपकिरी दिसलं. मामा म्हणाले, "वय झालं की बूड असंच जून होतंय." जून झालेलं बूड लाकडासारखं टणक लागतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी सहज बोट टेकवलं आणि ते आत गेलं. मामी हळूच म्हणाल्या, "डोळ्यात मोतीबिंदू हाय, पन आपरेशनला जातच न्हाईत."

मग आम्ही दोघांनी तो निवडुंग कापला. हात मामांचे, डोळे माझे. "जावईबापू, मदी तांबडा डाग हाय का?" "आहे." चाकू पुसून पुन्हा एक चकती. "आता?" "आहे." कमरेएवढं झाड मुठीएवढं उरलं. पुढच्या वेळी 'नाही' म्हणून टाकावं, असं फार वाटलं. पण डाग होता, बारीकसा. "आहे," मी म्हटलं. आणखी एक चकती. मग आतला गर स्वच्छ हिरवा दिसला. त्यावर गंधक भुरभुरून मामांनी तो तुकडा सावलीत, रिकाम्या कुंडीच्या तोंडावर ठेवला. पाण्याचा थेंब नाही. भाचरांनी डोळ्यांच्या दवाखान्याचा विषय काढला, तर म्हणाले, "पेशंट टाकून कुटं येऊ?"

दोन महिने मी दर रविवारी जात होतो आणि काही फुटलेलं दिसत नाही असं सांगत होतो. एका रविवारी मी वाकायच्या आतच मामांनी मला थांबवलं. डोळे मिटून त्यांनी बोटाचं टोक कापलेल्या भागावरून फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. "लई बारीक हाय," ते म्हणाले, "पन मूळ आलंय." मी पाहिलं. आलं होतं. इतकी वर्षं ज्यांच्या नजरेचं कौतुक केलं, त्यांना आता ती लागतही नव्हती.

मामांनी तुकडा जपून परत ठेवला, खिशातलं भिंग काढून मामींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चला. आता माजा नंबर."