पेडण्याच्या स्टँडपर्यंत

मोटारसायकलवर मागे बसलेल्या त्या मुलीने मला विचारलं होतं, "काका, डिचोलीक ना?" आणि मी "हय" म्हणालो होतो. आम्ही डिचोलीला जात नव्हतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याकडे नोकरी करतो त्या सिस्टरांना तर नाहीच.

डिचोलीतल्या त्यांच्या कॉन्व्हेंटात मी दुभाष्याचं काम करतो. मी हिंदू, पण तिथे मला कधी परकं वाटलं नाही. या ख्रिस्ती धर्मभगिनींचा संघ कितीतरी देशांत मुलांच्या हक्कांसाठी झटतो. पद्धत अशी की मुलांना चटईवर गोल बसवायचं आणि मोठ्यांनी चटईबाहेर राहायचं. ज्याच्या हातात नारळाची करवंटी, त्याने बोलायचं. बाकीचे गप्प. मुलं जे बोलतात ते पुढे जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या सभांपुढे जातं. म्हणून नियम एकच, मुलाचं वाक्य मुलाच्या तोंडचंच राहिलं पाहिजे. नव्या दुभाष्यांना हा नियम मीच शिकवत असे.

ती मुलगी मांद्र्याला माझ्या ताईच्या घरी होती. ताई घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. मुलीचा बाप सिंधुदुर्गातला, खनिजाच्या ट्रकवर क्लीनर. खाणी बंद पडल्या, काम सुटलं, तेव्हा "हिला तुमच्यात ठेवा" म्हणत त्याने तिला आणून सोडलं. तो ताईकडे आला माझ्याच ओळखीने. आमच्याकडे अशा मुलीला पोसकें म्हणतात. पोसकें म्हणजे घरचं. जेवण घरचं, कपडे घरचे, आणि काम म्हणाल तर तेही घरचंच. शाळा पुढच्या वर्षी. हॉटेलात, गॅरेजात मूल राबताना दिसलं की मी चौकशीला थांबायचो. ताईच्या मागच्या दारी ही पर्यटकांच्या चादरी पिळत असायची आणि मी तिच्याकडे प्यायला पाणी मागायचो. खरंच सांगतो, या दोन गोष्टी एकच आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संघाच्या एक वयस्क सिस्टर परदेशातून आल्या, तेव्हा गावोगावची मुलं डिचोलीला आणली. शेजारच्या मुलांबरोबर तीही आली. ताईनेच पाठवली. "जांव दी, जरा खेळान येतलां." आमच्या इथल्या सिस्टर मुलांच्या चहा-पावाचं बघायला आत गेल्या होत्या. करवंटी फिरत फिरत तिच्याकडे आली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याकडे न बघता थेट पाहुण्या सिस्टरांना म्हणाली, "माका थंय रवाचा नाय. माका शाळेत जावचा आसा. माका न्हेवक येशात?"

सिस्टर माझ्याकडे बघू लागल्या. राहायचं नाही, न्यायला याल का, हे तिचे शब्द गाळून मी इंग्रजीत सांगितलं, तिला त्या घरी बरं वाटतं, शाळेची आवड आहे, आणि तुम्ही पुन्हा याल का, असं विचारते आहे.

त्यांचा चेहरा फुलला. तिचा हात हातात घेऊन त्यांनी जोरजोराने मान हलवली, "येस, येस." तेवढं तिला समजलं. थोडंफार इंग्रजी कळणारी मोठी मुलं त्या गोलात होती. त्यातली एक माझ्याकडे टक लावून बघत राहिली. पण दुसऱ्याच्या हातात करवंटी असताना बोलायचं नाही, हेही मीच त्यांना शिकवलेलं.

घरी जाऊन तिने कपडे पिशवीत भरले आणि खिडकीशी बसून राहिली. ताईचा फोन आला.

"तुझ्या सिस्तरींनी ह्या चेडवाच्या डोक्यात किते भरलां रे? पिशवी घेवन बसलां बघ, कलेक्टरीण! म्हणता, सिस्तर येतली."

मी फोन घेऊन अंगणात गेलो.

"येतली काय रे खरीच? पोलीस घेवन?" आता तिचा आवाज बदलला होता.

सिस्टरांपर्यंत तिचं म्हणणं मी पोचवलंच नाही, एवढं एक वाक्य त्या घडीला बोललो असतो तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "तिच्या बापाक बोलाव."

बाप तिला बेळगावच्या बाजूला कुणा ओळखीच्या घरी ठेवणार होता. पेडण्याच्या बस स्टँडवर तो येणार, तिथवर तिला मी पोचवायचं. सकाळी ती पिशवी पोटाशी धरून मागे बसली. ताई दारातून ओरडली, "जा गो, मोठी मडम हो!" ती हसली. मग मला डिचोलीचं विचारलं, आणि मी हय म्हटल्यावर वाटभर बोलतच होती. शाळा लांब आसा? सिस्तरी मारतत काय ओ? थंय चादरी कोण धुता?

स्टँडवर बाप दिसला. तो विडी विझवून पुढे आला. ती उतरेना. मागून तिने माझा शर्ट मुठीत धरला होता. मी तिची बोटं सोडवली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, तुमी सिस्तरींका सांगलात ना?"

मी तिच्या बापाला म्हणालो, "गाडी लागली बघ."

सुरुवातीला तो फोनवर "बरी आसा" म्हणायचा. आता फोन लागतच नाही. मी बेळगावकडे जाऊन हिंडून आलो. कुणाला विचारायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तुमची कोण ती? मग मी मोटारसायकल वळवतो. ताईकडे तिचा विषय निघत नाही. तिच्याकडे आता कपडे धुण्याचं मशीन आहे.

मी अजून चटईबाहेर बसतो, मुलांची वाक्यं इंग्रजीत करतो. करवंटी फिरायला लागली की माझ्या पाठीवर शर्ट ओढल्यासारखा वाटतो. सिस्टर माझ्या कामावर खूश आहेत.

त्या मुलीची वाक्यं मला सिस्टरांना सांगायची आहेत, तिच्या तोंडची, जशीच्या तशी. मी त्यांचं काय केलं तेही सांगायचं आहे, आणि तिला शोधायला चला म्हणायचं आहे. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.