पाहुणे जेवल्याशिवाय

आधी लीलाभाभींचं नाव सांगतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या हवालदार साहेबांच्या मिसेस, हिमाचलच्या. त्या नसत्या तर माझी बायको आणि पोरगी तेव्हाच गावाकडं, पालमला परत गेल्या असत्या.

मी दहावीनंतर शाळा सोडली आणि फौजेत कुक म्हणून लागलो. आमच्याकडे पोस्टिंग दोन तऱ्हेची, फील्ड म्हणजे सीमेकडची आणि पीस म्हणजे छावणीतली. फील्डला कुटुंब नेता येत नाही. पीसला येतं, पण क्वार्टरचा नंबर लागावा लागतो. पोरगी, स्वरा, जन्मली तेव्हापासून मी फील्डलाच होतो. ती चार वर्षांची झाली तेव्हा पंजाबात क्वार्टर मिळालं. दोघींना घेऊन आलो, आणि पोरगी जेवेना.

म्हणजे दुपारी मी लंगरला, युनिटच्या स्वयंपाकघरात, असलो की आईच्या हातचे चार घास खायची. मी घरी असलो की ताट सरकवायची. मी शेजारी उभा राहून वाढायचो, "घे ना बाळा" म्हणायचो. लंगरची सवय. तिथं कुक सगळ्यांत शेवटी जेवतो.

चव नडत असेल म्हणून रजेवरून येणाऱ्या दोस्ताकडून ज्वारीचं पीठ मागवलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी केली. ताट सरकलं. मिशीला भीत असेल म्हणून मिशी काढली. युनिट आठवडाभर हसलं. ताट सरकतच होतं.

एक दिवस सुभेदार साहेब लंगरला आले. "उस्ताद, दाल में नमक डबल! घर में क्या चल रहा है?"

"साब, बच्ची खाना नहीं खाती."

"सवा सौ जवान खिलाता है तू, और एक बच्ची नहीं मानती? जा, एमएच दिखा ला."

एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. डॉक्टर मॅडमनी तपासलं. "बच्ची ठीक है. घर में देखिए, खाने के टाइम होता क्या है." मी काय बघणार? मला तर फक्त ताटच दिसायचं.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "लय झालं आता. पोरगी वाळायलीय. आमाला पालमला नेऊन सोडा." बॅग भरलेलीच होती. क्वार्टर सोडलं की पुढचा नंबर पुढच्या पीसला. तोवर पोरगी तिसरी-चौथीत गेली असती.

हे भाभींच्या कानावर गेलं. "भैया, मेरे यहाँ तो दो रोटी खाती है. आज मैं बैठकर देखूँगी."

त्या येऊन बसल्या. मी वाढलं. स्वरानं ताट सरकवलं. मी ते परत तिच्याकडं लोटायला वाकलो.

"रुको भैया. थाली हटा नहीं रही. आपको दे रही है."

बायकोनं तिला जवळ घेतलं. "कामून गं? पप्पाला कामून द्यायलीस?"

"पाव्हणे जेवलेच न्हाईत ना. आजी रागावती."

मग ध्यानात आलं. मी रजेवर पालमला गेलो की पहिलं ताट माझं. पोरंबाळं थांबायची. पाहुणे जेवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा माझ्या आईचा नियम. पोरीच्या हिशोबानं घरी येऊन-जाऊन असणारा मी पाहुणाच. आणि पाहुणा तर बसायचंच नाव घेईना.

भाभींना हे हिंदीत सांगितलं, तशा त्या हसायला लागल्या. "तो मेहमान जी, बैठिए अब!"

मी बसलो. एक घास खाल्ला. मी गिळेपर्यंत स्वरा माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग स्वतःचं ताट ओढलं. सगळं संपवलं. भरल्या तोंडानंच विचारलं, "पाव्हणे, तुमी कवा जाणार?"

बायकोनं भरलेली बॅग रिकामी केली. मला पप्पा म्हणायला पोरीनं बरेच दिवस घेतले. पण जेवायली.

रजेवर पहिलं ताट मिळायचं, त्याला मी मान समजत होतो. मान पाहुण्यालाच देतात, घरच्याला मागं बसवतात.

पुढं हवालदार साहेबांची बदली झाली, भाभी हिमाचलला गेल्या. त्यांची थोरली आता कॉलेजात आहे. तिच्या लग्नात चूल मी सांभाळणार. रजा मिळो न मिळो, माझ्या साहेबांच्या हातापाया पडून जाईन, पण वऱ्हाडाला जेवू मीच घालणार. भाभींना हे अजून सांगितलेलं नाही.